आधी बिघाड पाहा, मग कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांच्या कपाटात यशिका मॅट-१२४जी हा जुना, रोलवर चालणारा कॅमेरा सापडलाय. हँडल फिरतं, बटण दाबलं की टक् असा आवाजही येतो, पण लेन्सच्या आतल्या शटरच्या, म्हणजे उजेड क्षणभर आत सोडणाऱ्या झडपेच्या, पाकळ्या उघडत नाहीत. दुसरीकडे ओळखीचा कबाडी एक झेनिट-ई हा रशियन कॅमेरा दीड हजाराला देतोय. हातात पाच हजार आहेत. दुरुस्ती शिकायची, जमलं तर पुढे संग्रह करायचा, आणि हे नागपुरात बसून होईल का?

होईल. फक्त 'कोणता कॅमेरा घेऊ' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. कमी पैशांत हा नाद करणाऱ्याने मॉडेलचं नाव नंतर विचारावं, आधी काय बिघडलंय ते बघावं. विकणाऱ्याच्या लेखी सगळे बंद कॅमेरे सारखेच असतात. त्यातला कोणता लायटरच्या दोन थेंब पेट्रोलने चालू होईल आणि कोणता कधीच चालू होणार नाही, हे त्याला सांगता येत नाही. तुम्हाला सांगता यायला लागलं की पाच हजार पुरतात. नाही आलं, तर पन्नास हजारही पुरत नाहीत.

माझा ढोबळ हिशेब असा. बंद पडलेल्या जुन्या कॅमेऱ्यांत मोडलेले थोडे असतात आणि मळलेले फार. वाळलेलं ऑइल, चिकट झालेला फोम, सेलच्या खणातली हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड, जाम झालेली फोकसची रिंग, धूसर व्ह्यूफाइंडर, सोललेलं चामडं हे सगळं मळ या सदरात जातं आणि घरच्या टेबलावर निघतं. यशिका एफएक्स-३चं रेक्झिन तर हटकून झडतं. कॅमेरा खरूज झाल्यासारखा दिसतो, म्हणून स्वस्त मिळतो आणि आतून बहुधा ठणठणीत असतो. असा दिसला तर सोडू नका.

उलट काही गोष्टी दिसल्या की नमस्कार करून निघायचं. शटरचा कापडी पडदा फाटलेला, बुरशीने काचेचं कोटिंग खाल्लेलं, लेन्सच्या जोडकाचांमधला डिंक सुटून कडेला इंद्रधनुष्य दिसणारं, किंवा पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा नवा सेल टाकूनही ढिम्म. सगळ्यात आधी मात्र पेचांची डोकी बघा. खाचा चघळल्यासारख्या झाल्या असतील तर तुमच्या आधी कुणीतरी आत जाऊन आलंय, आणि आतली एखादी स्प्रिंग बहुधा त्याच्या घरच्या फरशीवर आहे. न उघडलेला बंद कॅमेरा उघडलेल्या 'चालू' कॅमेऱ्यापेक्षा बरा.

आता मामांचा मॅट. हा १९७० साली आला आणि आपल्याकडच्या लग्न-मुंजीच्या फोटोग्राफरांनी तो वर्षानुवर्षं वापरला. खालची लेन्स फोटो घेते, वरची फक्त बघायला. आधी बटणाभोवतीचं कुलूप खुल्या बाजूला आहे ना ते पाहा. ते लागलेलं असल्यामुळे 'जाम' ठरलेले मॅट मी पाहिलेत. तुमच्याकडे टक् आवाज येतोय, म्हणजे कुलूप नाही. शटरची यंत्रणा सुटतेय, पण पाकळ्या एकमेकींना चिकटल्यात. पाकळ्या कोरड्या असाव्या लागतात, अगदी कोरड्या. उन्हाळ्यात ग्रीसमधलं तेल सुटून हळूहळू त्यांच्यावर पसरतं, नंतर घट्ट होतं, आणि त्या स्प्रिंगला दाद देत नाहीत.

काम असं करायचं. खालच्या लेन्सचा पुढचा काचगट शटरमधून आट्यांनी सुटतो. योग्य मापाचा रबरी बूच नाहीतर रबराचा तुकडा काचेला न लागता रिंगवर दाबून डावीकडे फिरवा. वरच्या लेन्सला हात लावायचा नाही. तिचं फोकस खालच्या लेन्सशी जुळवलेलं असतं, ते हललं की बघायच्या काचेवर स्पष्ट दिसेल आणि फिल्मवर धूसर येईल. काचगट निघाला की पाकळ्या उघड्या दिसतात. मागचं झाकण उघडा, गती 'बी'वर ठेवा, म्हणजे बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं राहतं. कॉटन बडला सिगारेट लायटरचं पेट्रोल, म्हणजे नॅप्था, लावून तो जवळजवळ निथळवा आणि पाकळ्यांवरून हलकेच फिरवा. हँडल फिरवा, बटण दाबा. पहिल्या काही वेळा काहीच होत नाही. मग पाकळ्यांच्या मध्ये सुईएवढी फट पडते आणि तशीच अडकून राहते. इथे धीर सुटतो आणि माणूस टाचणीने ढकलायला जातो. ढकलू नका. पुन्हा बड, पुन्हा बटण. थोड्या वेळाने पाकळ्या उघडतात, पण आळसावून बंद होतात. नॅप्था उडाल्यावर दिसेल की कडेला तपकिरी रेषा उरलीय. तेच जुनं तेल. ते कोरड्या बडने टिपा आणि पुन्हा सगळं करा. ओल्या असताना झकास चालणाऱ्या पाकळ्या वाळल्यावर पुन्हा चिकटतात, म्हणून रात्रभर ठेवून सकाळी बघितल्याशिवाय काम झालं असं मानायचं नाही. आणि काही झालं तरी तेल घालायचं नाही. शिलाई मशीनचं तर नाहीच. 'अटकतंय ना, एक थेंब टाक' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना चहा द्या आणि कॅमेरा कपाटात ठेवा.

नॅप्था भडकतो, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. खिडकी उघडी, गॅस बंद, अगरबत्ती-निरांजन दुसऱ्या खोलीत.

पाकळ्या मोकळ्या झाल्या की गती तपासा. फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन असेल तर मागून उजेडाकडे बघत शूट करा आणि पाकळ्या उघड्या असलेल्या फ्रेम मोजा. १/३० सेकंदावर साधारण ८ फ्रेम यायला हव्यात, अर्ध्या सेकंदावर १२०. १/१२५च्या वर ही पद्धत निकामी. मोठ्या गती ठीक आणि एक सेकंद, अर्धा सेकंद रेंगाळतोय, असं निघालं तर आतल्या दंतचक्रांच्या साखळीत मळ आहे. ते पहिल्या कॅमेऱ्यात उघडू नका. उन्हात फोटो काढायला त्या गती लागतच नाहीत. १/५०० वापरायची असेल तर ती हँडल फिरवण्याआधी लावा, नंतर जोर लावून नाही. सेल्फ-टायमरची कळ आहे तिथेच राहू द्या. जुन्या शटरमध्ये ती अर्ध्यात अडकली की सगळं शटर घेऊन बसते. उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर चालायचं आणि ते सेल आता बनत नाहीत. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल व्होल्टेजला जवळचा आहे, खणात तारेचं छोटं कडं करून बसवता येतो. नाहीतर फोनवरचं मीटर घ्या. मी तेच वापरतो.

हत्यारांवर हजार-दीड हजार जाऊ द्या, तिथे काटकसर नको. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे पेच जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाण मापाचे असतात. आपला नेहमीचा पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जेआयएसचा छोटा संच ऑनलाइन मागवा. चिमटे, भिंग, हवेचा पंप यासाठी इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनार-घड्याळजींची हत्यारं विकणारी दुकानं बघा. कॅमेऱ्याच्या नावाने विकली जाणारी तीच वस्तू महाग पडते. याशिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोल, दात कोरायच्या काड्या, पांढरा टॉवेल आणि आठवड्याच्या गोळ्या ठेवतात तो सात खणांचा डबा. टॉवेलवर पडलेला पेच उडत नाही, आणि डब्यात सोमवारी काढलेला पेच सोमवारच्या खणातच सापडतो. प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढा. पेच हलत नसेल तर टोकावर एसिटोनचा अगदी छोटा थेंब देऊन थांबा, पण प्लास्टिक आणि रंगापासून तो दूर ठेवा.

एक गोष्ट मात्र कधीच उघडायची नाही: फ्लॅश अंगातच असलेले प्लास्टिकचे छोटे कॅमेरे. त्यातला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज धरून ठेवतो, सेल काढल्यावरसुद्धा.

झेनिटकडे येतो. हा रशियात क्रास्नोगोर्स्कला १९६५ पासून बनायला लागला, तीस लाखांहून जास्त बनले. त्यामुळे दुर्मीळ वगैरे काही नाही, कुणी तसं म्हणत असेल तर हसून ऐकून घ्या. गती १/३० ते १/५०० आणि बी, बस्स. सेल लागतच नाही, मीटर सेलेनियमचं. कबाडी म्हणेल, 'चालूच हाये भाऊ, फक्त रोल टाका लागते.' तुम्ही रोल न टाकता बघा. मागचं झाकण उघडा, अंधाऱ्या कोपऱ्यात जा, लेन्स काढून समोरून फोनची टॉर्च पडद्यावर मारा. मागून चांदण्या दिसल्या तर रबर चढवलेल्या कापडाला भोकं पडलीत. मग १/५०० वर उजेडाकडे बघत बटण दाबा. पूर्ण चौकट उजळायला हवी. एक कड काळी राहिली तर पडदे बरोबरीने धावत नाहीत, आणि तसा फोटो एका बाजूला अंधारलेला येतो. हे कधी कधी नुसतं चालवून-चालवून सुधारतं, कधी सुधारत नाही. तुमच्या पहिल्या झेनिटमध्ये ही जोखीम नको. मीटरची खिडकी हाताने झाकली-उघडली की सुई हलावी. नाही हलली तरी सौदा मोडायचं कारण नाही, फक्त भावात घासाघीस करायचं आहे.

दीड हजार योग्य आहेत का? पुढे हेलिओस ४४-२ लेन्स असेल तर आहेत. ५८ मिमी, एफ-२ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप), आट्यांनी बसणारी, एम-४२ मापाची. ही लेन्स मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यांवर लावायला आजची मुलं शोधत असतात आणि एवढ्यात सुटी मिळायची मारामार आहे. म्हणजे बॉडी जवळपास फुकट. लेन्स नसेल तर चारशे-पाचशेच्या वर जाऊ नका. हेलिओसची रिंग घट्ट असेल तर ती शिकायला उत्तम. जुनं ग्रीस पुसायचं, नवं हलकं ग्रीस अगदी पातळ थरात. आट्या एकमेकींतून ज्या जागी सुटतात तिथे दोन्हीकडे टोकदार वस्तूने खूण करा. या आट्यांना आत शिरायच्या अनेक जागा असतात, चुकीच्या जागी शिरली की अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूवर, फोकस होत नाही. परत जोडल्यावर बी गतीवर शटर उघडं धरून, फिल्मच्या जागी धुरकट, अर्धपारदर्शक टेप ताणून चिकटवा आणि फुटाळा तलावाच्या पलीकडच्या काठाकडे बघा. रिंग शेवटाला असताना झाडं टेपवर स्पष्ट दिसली की झालं.

याच पंक्तीत झोर्की किंवा फेड हा सोव्हिएत कॅमेरा हाती आला तर एक नियम पाळा: आधी वाइंड करा, म्हणजे फिल्म पुढे सरकवा, मग गती बदला. उलट केलं तर आतलं बिघडतं.

यशिका इलेक्ट्रो-३५ लोक तुम्हाला सुचवतील. १९६६चा सुंदर कॅमेरा, ४५ मिमीची एफ-१.७ लेन्स, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा म्हणजे कळेल. पण आत एक छोटी रबरी गादी असते, ती कुजली की इलेक्ट्रॉनिक्सचा ताळमेळ जातो. ओळख सोपी: वाइंड करताना लिव्हरच्या प्रवासात एक ठळक 'टोक्' असा आवाज ऐकू येतो. ऐकू आला नाही तर गादी गेलेली आहे. आणि सेलशिवाय त्याचं शटर फक्त १/५०० वर चालतं, म्हणून 'बटण दाबलं की आवाज येतो' याला काही अर्थ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचा कॅमेरा आहे, पहिला नाही. निकॉन एफएम-१० मात्र कुणा चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडून मिळाला तर डोळे झाकून घ्या. बॉडी प्लास्टिकची वाटते, पण शटर यांत्रिक आहे, एलआर-४४चे दोन सेल फक्त मीटरला लागतात. ते सीताबर्डीवर घड्याळाच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. पेंटॅक्स के-१००० तसाच, पण त्याच्या नावाला भाव चढलाय.

एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला झेनिटसारखा कॅमेरा, कोणताही असो, मागच्या झाकणाचा फोम बदलायचाच आहे. जुना फोम डांबरासारखा होतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने खरवडा, त्याचा कण पडद्यावर किंवा फोकसच्या काचेवर पडू देऊ नका. ती काच बहुधा प्लास्टिकची असते आणि स्पिरिटने कायमची जाते. खाचेत काळी लोकर चिकटवली तरी चालते. आरसा आपटतो तिथे मात्र फोमच हवा.

आता नागपूरचं. आपल्याकडे समज आहे की हवा कोरडी, म्हणून लेन्सला बुरशी मुंबईकरांच्या येते. पावसाळ्याचे चार महिने सोडा, एप्रिल-मेमध्ये घराघरात कूलर चालतो. बाहेर ४५ अंश आणि कोरडं ठाक, आणि कूलरच्या खोलीत दमट. शोकेसमध्ये कूलरसमोर मांडलेला कॅमेरा वर्षातून दोनदा पावसाळा काढतो. कूलर नसलेल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल तर तिथे दुसरं दुखणं, उष्णतेने तेल सुटून पाकळ्यांवर जातं. मामांच्या मॅटचं बहुधा हेच झालंय. तेव्हा घरातल्या सगळ्यात थंड, कूलरपासून दूर असलेल्या खोलीत, रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के ठीक. चामड्याच्या कव्हरात ठेवायचं नाही, ते ओल धरतं. डांबरगोळ्या आणि कापूर डब्यात नकोत. सिलिका जेल कढईत मंद आचेवर पुन्हा सुकवता येतं, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, म्हणून ती कढई पुन्हा भाजीला वापरायची नाही. नारिंगी दाणे घेतले तर बरं. आणि स्कूटीच्या डिक्कीत दुपारी कॅमेरा ठेवून कॉलेजात बसायचं नाही, एवढं तरी पाळा.

पैसा खरा कुठे जातो तर रोलवर. पाच हजारांतले निम्मे तरी रोल-धुलाईसाठी बाजूला काढा. दुरुस्त केलेला कॅमेरा रोल धुऊन येईपर्यंत दुरुस्त झाला असं मी धरत नाही. चाचणीला कुणाच्या माळ्यावरचा जुना मुदत संपलेला रोल वापरू नका, उटीच्या कारखान्यातल्या जुन्या इंदू ब्रँडचा तर नाहीच. तो डबा शोपीस म्हणून छान आहे. धूसर आलं तर दोष रोलचा की लेन्सचा, हे मग कळत नाही. ताजा ब्लॅक अँड व्हाइट घ्या, घरी धुता येतो. पहिल्याच रोलवर कामाची यादी ठेवा: झिरो माईल स्तंभाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांच्या अंगावरचा पोत जवळून, फुटाळ्याचा पलीकडचा काठ, एक फ्रेम झाल्यावर कॅमेरा दोन मिनिटं उन्हात ठेवून पुढची, म्हणजे प्रकाश गळत असेल तर पट्टा उमटेल. निरभ्र दुपारी १०० आयएसओच्या (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) रोलला १/१२५ आणि एफ-१६, मीटर असो नसो.

धुताना उन्हाळा आडवा येतो. रसायनांचे तक्ते २० अंशांचे आणि मे महिन्यात टाकीच्या नळाला येणाऱ्या पाण्यात चहाची पत्ती टाकावी एवढंच बाकी. माठातलं पाणी वापरा. कोरड्या हवेत माठ उत्तम गार होतो, पंचविसाच्या आसपास येतो, उरलेल्याला बर्फाच्या परातीत बाटल्या उभ्या करा. एचपी-५ प्लस हा रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) २० अंशांवर साडेसात मिनिटं, २४ वर ती वेळ पाच-साडेपाचवर येते. इतक्या कमी वेळात डाग पडायची भीती असते, म्हणून उन्हाळ्यात मी एकास एक पाणी घालून धुतो, २० अंशांचे ११ मिनिटं २४ वर आठेक होतात. तेवढ्यात हात स्थिर राहतो. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, तेही त्याच परातीत ठेवा. डेव्हलपर गार आणि हायपो गरम असं झालं तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

संग्रहाचं विचारलंत. सरसकट जमवलं की कपाट भरतं आणि रोलला पैसे उरत नाहीत. एक धागा धरा. मी सुचवेन, भारतात बनलेले. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेले अ‍ॅगफा क्लिक-३ आणि आयसोली अजूनही नातेवाइकांच्या ट्रंकेत पडलेले असतात, आणि बहुतेक वेळा मागितले की मिळतात. क्लिक-३ ला १२० नंबरचा रोल लागतो, १२ चौकोनी फोटो येतात, आत बिघडण्यासारखं फारसं नाहीच. लेन्सच्या मागची काच पुसली तरी अर्धे जिवंत होतात. केरळातल्या अलेप्पीच्या वागीश्वरी कंपनीचे लाकडी कॅमेरे त्याच धाग्यातले, पण जागा आणि पैसा दोन्ही खातात, त्यांच्यासाठी थांबा. महाल-इतवारीकडचे जुने स्टुडिओ बंद होताना मालकांशी बोला, नुसता भाव विचारू नका. मॅटसोबतचं झाकण, फिल्टर, पुस्तिका, कधी कधी त्या यंत्राची अख्खी दुरुस्ती-कहाणी त्यांच्याकडेच असते.

आणि कुठलाही अनोळखी कॅमेरा घेण्याआधी रोलचं माप वाचा. १२० आणि ३५ मिमी सुखाने मिळतात. ६२० म्हणजे फिल्म १२०चीच, पण रीळ बारीक, अंधारात बसून दुसऱ्या रिळावर गुंडाळावी लागते. १२७, १२६, ११० दिसलं तर किंमत कितीही कमी सांगू देत, सध्या राहू द्या.